वाफ, पीठ आणि कानातलं मशीन : रत्नागिरीतल्या एका खानावळवाल्या मावशींचं प्रकरण

मावशी 66 वर्षांच्या. नवरा गेल्यावर त्यांनी रत्नागिरीत घरगुती खानावळ सुरू केली आणि नावारूपाला आणली. आता मुलगा आणि सून हाताशी आहेत, पण भाकऱ्या आणि आमटी मावशींशिवाय कुणी करायची नाही असा घरचा कायदा आहे आणि तो मावशींनीच केलेला आहे. मधुमेह जुना, गोळ्यांवर. दोन्ही कानांत सीआयसी जातीची श्रवणयंत्रं. ही कानाच्या नळीत पूर्ण आत बसतात, बाहेरून फक्त ओढून काढायची बारीक दोरी दिसते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेली.

जुलैच्या सुरुवातीला मुलगा त्यांना माझ्याकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, घेऊन आला. मागणी ठरलेली होती. "मॅडम, ही मशीनं दर पावसाळ्यात बसतात. दुरुस्तीला जाऊन येतात, चार दिवस चालतात, परत बंद. आता नवीनच घेऊ. फक्त पावसात चालणारी द्या."

अशी मागणी घेऊन जून ते सप्टेंबर कुणी ना कुणी येतच असतं. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत हवेतली आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास असते. दोष पावसाच्या माथी मारणं सोपं, आणि विकणाऱ्यालाही सोयीचं, कारण पाऊस उलट बोलत नाही. मावशींच्या प्रकरणात पाऊस आरोपींपैकी एक होता, मुख्य नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं. दोघांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दोन माणसं, दोन तक्रारी

मुलाच्या सांगण्याप्रमाणे उजवं मशीन पूर्ण बंद, डावं लहर लागेल तसं चालतं, आणि आई ती "दिवसभर घालते". मावशी मान डोलावत होत्या, पण त्यांना आमचं बोलणं पोचतच नव्हतं. कमी ऐकू येणारी माणसं गर्दीत जशी मान डोलावतात तशी ती मान होती. मुलाला गाडी नीट लावून यायला सांगितलं, खुर्ची पुढे ओढली आणि समोरासमोर बसून सावकाश विचारायला लागले.

"बाय, दिवसभर कसली! सकाळी घालते, भाकऱ्यांना बसले की काढते. जेवायच्या वेळी घातलं तर शिट्टी मारतं. गिऱ्हाईक कुकरकडे बघतं नि मी गिऱ्हाइकाकडे."

पुढे आणखी दोन गोष्टी निघाल्या. डाव्या कानात खाज, रात्री झोप मोडण्याइतकी. आणि स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. या दुसऱ्या तक्रारीला त्यांनी जोडलेलं वाक्य मी कागदावर अधोरेखित करून ठेवलं: "पहिल्यांदा असं नव्हतं हो."

आवाज घुमण्याची तक्रार नवीन माणूस करतोच. कानाची नळी बंद झाली की आपल्याच बोलण्यातले खर्जाचे स्वर हाडांतून आत येतात आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने मोठे होतात. यासाठी यंत्राच्या कवचात आरपार एक बारीक भोक ठेवलेलं असतं, हवेचं. त्याने बराच फरक पडतो, उरलेल्याची काही आठवड्यांत सवय होते. पण दोन वर्षं नीट वापरलेलं मशीन अचानक घुमायला लागलं तर तो सवयीचा प्रश्न नसतो. बहुतेक वेळा ते भोक बुजलेलं असतं.

कानातलं मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला मी काही घरगुती प्रश्न विचारते. रात्री मशीन कुठे असतं, सेल कोण बदलतं, कानात काय काय घालता. मावशींची उत्तरं मोकळी होती.

रात्री मशीन तांदळाच्या डब्यात. शेजारणीचा पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवल्यावर चालू झाला होता म्हणे. सेल मावशी स्वतःच बदलतात. सेल पुठ्ठ्याच्या पत्त्यावर येतात, एका पत्त्यावर सहा, प्रत्येकाला पिवळं स्टिकर. घाईच्या वेळी नखाने सोलत कोण बसणार, म्हणून पत्ता आणला की सहाही स्टिकरं एकदमच काढून सेल हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकायचे. कानात, खाज सुटली की, लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल. आणि मशीनच्या तोंडाशी मळ दिसला तर खराट्याची हीर.

मुलगा गाडी लावून परत आला तोवर निम्मं निदान झालं होतं.

आधी कान

मशीन हातात घेण्याआधी कान बघायचे, हा क्रम मी मोडत नाही. बंद कानात चांगलं मशीनही बंदच वाटतं.

उजव्या कानाच्या नळीत तेलाने मऊ झालेला पिवळट मळ, नळी निम्म्याहून जास्त भरलेली. डाव्या कानात नळीची कातडी लालसर सुजलेली, तिच्यावर ओलसर राखाडी पापुद्रा आणि त्यात काळे ठिपके. बुरशी. कोकणात पावसाळ्यात ही नेहमीची पाहुणी. दमट हवा, कान बंद करून बसलेलं मशीन, वर तेल आणि रक्तात वाढलेली साखर, एवढं मिळाल्यावर तिला आणखी काय हवं असतं?

त्याच दिवशी मावशींना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. उजव्या कानातला मळ त्यांनी दुर्बिणीखाली काढला, डावा कान सक्शनने साफ करून बुरशीवरचे थेंब दिले. साखर तपासली, ती वाढलेली होती. गोळ्यांचा हिशेब त्यांच्या डॉक्टरांनी नव्याने बसवला. कान पूर्ण कोरडा आणि बरा झाल्याची खात्री होईपर्यंत डावं मशीन घालायचं नाही असं ठरलं. मुलाला हे पटत नव्हतं. "उजवं बंद, डावं घालायचं नाही, मग आईने करायचं काय?" प्रश्न बरोबर होता. पण मधुमेही माणसाच्या कानातलं दुखणं वेगळ्या तराजूत तोलावं लागतं. त्यांच्यात बाहेरच्या कानाचा साधा दिसणारा जंतुसंसर्ग क्वचित कवटीच्या हाडापर्यंत पोचतो. रात्री ठणकणारा किंवा वाहणारा कान असेल तर मशीन काढून ठेवून आधी डॉक्टर गाठायचा, त्यात तडजोड नाही.

तेल बंद. मावशींना हे सगळ्यात जड गेलं, कारण लसणीचं तेल त्यांच्या आईपासून चालत आलेलं. कानाचा मळ हा कानाचाच माल आहे, तो हळूहळू आपणच बाहेर सरकतो, हे सांगितलं. इअरबड किंवा हीर घातली की तो आत ढकलला जातो. मशीन घालणाऱ्यांत मळाची ही बाहेर सरकायची वाटच अडते, म्हणून त्यांनी काही महिन्यांनी कान तपासून घ्यावेत. घरी कोरू नयेत.

कान साफ झाल्यावर श्रवणचाचणी केली. 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ या पट्ट्यांतला स्वर जेमतेम ऐकू यायला किती मोठा आवाज लागतो, त्याची सरासरी उजवीकडे 50 डेसिबल, डावीकडे 53 च्या आसपास. आकडा जितका मोठा तितकं ऐकू येणं कमी. खर्जात 30-35, वर जाल तसा आलेख उतरत 8000 हर्ट्झला 75. दोष आंतरकर्णाचा, लोक ज्याला नस कमजोर होणं म्हणतात तो. अशा कानाला माणसाचा आवाज ऐकू येतो, शब्द मात्र सुटतात, कारण स, श, ट, थ, फ हे वरच्या पट्टीतले आणि दबके वर्ण गळतात. "साठ" आणि "आठ" यांत गोंधळ झाला की खानावळीत भाकऱ्यांचा हिशेब चुकतो. मुलाने जाता जाता अपंगत्वाच्या दाखल्याचं विचारलं. 2016 च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत निदान 60 डेसिबलची क्षती लागते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

या आलेखाला सीआयसी चालतं. म्हणजे दुकानदाराने आलेखावरून निवड चुकवली नव्हती. त्याने मावशींचे हात आणि त्यांचं स्वयंपाकघर बघितलं नव्हतं, एवढंच.

भिंगाखाली

उजवं मशीन. सेल मोजला, जवळपास मेलेला. नवा सेल घातला, मुठीत धरलं तरी शिट्टी नाही. चालू मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं, ही घरीही करता येणारी सगळ्यात सोपी चाचणी आहे. मग मशीन उलटं करून कानाच्या आत जाणारं टोक भिंगाखाली धरलं. तिथे आवाज बाहेर पडायचं तोंड असतं आणि त्या तोंडावर एक टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी जाळी, वॅक्स गार्ड. ती जाळी मुळात पांढरी होती हे मला माहीत होतं म्हणूनच कळलं. वर मळ आणि तेल यांचा तकतकीत थर, मधोमध हिरीने पाडलेला खड्डा.

जाळी बदलायची काडी असते, तिला दोन टोकं. रिकामं टोक जुन्या जाळीत सरळ दाबायचं, ओढलं की जाळी निघून येते. काडी फिरवायची, दुसऱ्या टोकावरची नवी जाळी तोंडात दाबून बसवायची आणि काडी सरळ मागे घ्यायची. मशीन बोलायला लागलं. मुलगा माझ्याकडे आणि मशीनकडे आळीपाळीने बघत होता. असल्या काड्यांचं पाकीट काही शे रुपयांना मिळतं. मावशींना मशीनबरोबर एक मिळालंही होतं. ते घरी कपाटात, मशीनच्या मूळ खोक्यात, न फोडलेलं सापडलं.

आवाज आला खरा, पण बारीक आणि फाटका. आता मशीन सुलटं केलं. बाहेरच्या तोंडाला सेलच्या दाराशेजारी मायक्रोफोनचं भोक असतं, सुईच्या अग्राएवढं. त्याच्या काठावर पांढरा, वाळून घट्ट झालेला लेप होता. मऊ ब्रशने खरवडल्यावर त्याची पूड निघाली. तांदळाचं पीठ. आता ते भाकरी थापताना उडालेलं, वाफेने भिजून खळ झालेलं पीठ, की रात्री तांदळाच्या डब्यातला कोंडा, हे सांगता येणार नाही. दोन्हीकडून भर पडत असणार. तांदूळ दमट हवा शोषून घेण्यात तसाही कमी पडतो, आणि त्याची भुकटी मात्र जिथे जाऊ नये तिथे जाते.

हवेचं भोक बुजलेलं होतंच. मशीनबरोबर मिळणारी नायलॉनची तार एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने ओढली, तेलकट गोळा निघाला. घागरीचं कोडं सुटलं.

सेलच्या घरात पितळी पट्ट्यांवर पांढरट क्षार. इथे हिंगाची डबी आठवावी लागते. हे सेल झिंक-एअर जातीचे असतात. त्यांच्या एका तोंडावर बारीक भोकं असतात, स्टिकर काढलं की त्यांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की मशीनमध्ये असो वा डबीत, तो खर्च होतच राहतो. स्टिकर परत चिकटवून झोपत नाही. म्हणजे सहा सेलांचं स्टिकर एकदम काढणं म्हणजे सहा दिवे एकदम लावून एकेकाच्या उजेडात बसणं झालं. त्यात आतलं क्षारीय द्रव्य ओल ओढून घेणारं, त्यामुळे पावसाळ्यात सेल फुगतात, पाझरतात, लवकर संपतात. पावसाचा वाटा असला तर तो इथे. मावशींचा सेल दोन दिवस पुरत नव्हता, आणि मुलगा दर वेळी मेडिकलवाल्याशी भांडत होता. मेडिकलवाला या प्रकरणात निर्दोष.

शेवटी मशीन संगणकाला जोडलं. आजकालची बरीच यंत्रं रोज किती तास वापरली याची सरासरी आत नोंदवून ठेवतात. उजवं 3 तास, डावं दीड. मुलगा म्हणाला, "म्हणजे आई घालतच नव्हती?" मावशींनी पडद्याकडे न बघता उत्तर दिलं, "घालून ऐकू येत नसेल तर घालायचं कशाला?" माझ्या नोंदवहीत या प्रकरणाचं सार म्हणून हेच वाक्य आहे.

मोठं मशीन घ्या, असं मी म्हटलं

मावशींचा सेल 10 नंबरचा, कानाच्या नेहमीच्या सेलांतला सगळ्यात लहान. व्यास 5.8 मिलिमीटर, जाडी 3.6. चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी हाताने उलटणाऱ्या बाईच्या बोटांची टोकं कशी झालेली असतात ते बघितलं तर हा सेल त्यांच्या हाती देणं किती विनोदी आहे ते कळेल. चामडी जाड, संवेदना कमी, त्यात मधुमेह. मी सेल त्यांच्या तळहातावर ठेवला आणि डोळे मिटून चिमटीत उचलायला सांगितलं. उचलला, पण कुठली बाजू वर आहे ते बोटांना कळेना. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालेला, तोही हिशेबात धरा.

म्हणून मी कानामागे लावायच्या मशीनचा प्रस्ताव ठेवला. चार्जिंगचं घेतलं तर सेलची कटकटच जाते. मावशींनी ऐकून घेतलं आणि नकाराची कारणं एकेक करून सांगितली. चष्म्याची काडी तिथेच बसते. केसांचा अंबाडा आणि डोक्यावरून पदर. चुलीपुढे घामाच्या धारा कानामागूनच उतरतात. आणि फोन: ऑर्डरी फोनवर येतात, कानातल्या मशीनला फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो, मागच्याला तो वर धरून जागा शोधावी लागते. ही सगळी कारणं खरी आहेत. लोकांना मशीन दिसू नये म्हणून हट्ट धरणारे पुष्कळ भेटतात. मावशींचा तो मुद्दाच नव्हता. गिऱ्हाइकांना त्या स्वतःच सांगतात, "कानात मशीन आहे, जरा मोठ्याने."

मधला पर्याय होता, कानातच बसणारं पण जरा मोठं, 312 नंबरच्या तपकिरी स्टिकरच्या सेलाचं. तो नव्या खरेदीचा विषय, आणि चालू असलेली दोन वर्षांची मशीनं टाकून द्यायला मला कारण दिसेना. तेव्हा मशीन तेच ठेवायचं आणि त्याच्या भोवतालचं बदलायचं, असं ठरलं. सेल आणि जाळी मावशींच्या हातांतून काढून घ्यायची. नात दहावीत आहे, तिच्या बोटांना आणि डोळ्यांना या कामाचं काहीच वाटलं नाही. तिला समोर बसवून दोन्ही मशीनांच्या जाळ्या बदलून घेतल्या. लाल खूण उजवं, निळी खूण डावं, हे तिने पाठ केलं आणि वर आजीची परीक्षाही घेतली.

खानावळीचं वेळापत्रक

"स्वयंपाकघरात मशीन काढून ठेवा" हा सल्ला कागदावर छापलेला असतो. मावशींना तो देण्यात अर्थ नव्हता. त्यांना ऐकू येण्याची खरी गरज दुपारी साडेबारा ते अडीच, आणि त्या वेळी त्या स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या दारात उभ्या असतात. म्हणून दिवस तासांत मोडून बघितला.

सकाळी अंघोळ, केसांना तेल आणि पावडर आटोपून, केस आणि कान कोरडे झाल्यावरच मशीन घालायचं. भाकऱ्या थापणं आणि तळण, साधारण नऊ ते साडेअकरा, या वेळात मशीन बाहेर, कारण पीठ आणि वाफ तेव्हाच. बाहेर म्हणजे ओट्यावरच्या वाटीत नाही किंवा कमरेच्या पिशवीत सुट्ट्या नाण्यांबरोबर नाही, झाकणाच्या डबीत. ही डबी जेवणाच्या खोलीतल्या कपाटात, गॅसपासून दूर. साडेअकराला हात साबणाने धुऊन, पुसून, मशीन पुन्हा कानात. हळदीच्या किंवा पिठाच्या हाताने दोरी ओढायची नाही.

रात्री काढल्यावर सुक्या मऊ फडक्याने पुसायचं. पाणी नाही, सॅनिटायझर नाही, अत्तर तर नाहीच. सेलचं दार उघडून सेल बाहेर काढायचा आणि मशीन सिलिका जेलच्या कोरड्या डबीत ठेवायचं. सेल त्या डबीत ठेवायचा नाही, तिथे तो सुकून मरतो. डबीतले केशरी दाणे हिरवे पडले की त्यांनी पाणी पिऊन घेतलं, बदलायचे. मुलाने ते दाणे तव्यावर भाजून परत वापरायची युक्ती काढली होती. तवा खानावळीचा आहे हे लक्षात आणून दिल्यावर ती त्याने मागे घेतली.

ब्रश रात्री मारायचा नाही, सकाळी मारायचा. रात्री मळ ओला असतो, ब्रशने तो जाळीत भरतो; सकाळपर्यंत वाळतो आणि झडतो. ब्रश मारताना भोक खाली धरायचं, म्हणजे निघालेला कचरा खाली पडतो, आत जात नाही. हे काम मावशी स्वतः करतात, कारण त्यात बारीक बोटं लागत नाहीत.

सेल बदलायचे वार ठरवले, रविवार आणि गुरुवार रात्री. उद्या वापरायचे तेवढेच सेल सोलायचे, सोलल्यावर काही मिनिटं हवेवर ठेवून मग घालायचे. सेल संपण्याची वाट बघायची नाही. भर दुपारी पंक्तीत मशीन बंद पडण्यापेक्षा एखाददुसरा दिवस वाया गेलेला परवडला. हिंगाची डबी बंद केली, तिचं आणखी एक कारण होतं. स्वयंपाकघरात हिंगाच्या डबीत बटणासारखा सेल असणं धोक्याचं आहे, घरात धाकटा नातू तीन वर्षांचा. सेल गिळला गेला तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं, हे सगळ्यांना बजावून सांगितलं.

शिट्टीचं मूळ तोंडात

कान साफ, जाळी नवी, भोकं मोकळी, आणि तरी उजवं मशीन जेवताना शिट्टी मारत होतं. शिट्टी म्हणजे मशीनमधून निघालेला मोठा आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरणं. मळाने आवाज परतला तरी ती येते, आवाज गरजेपेक्षा जास्त ठेवला तरी येते, आणि कवच सैल असलं तरी येते. मावशींना माझ्यासमोर बिस्किट खायला दिलं. चावताना मशीन डोळ्यांदेखत बाहेर सरकत होतं.

"कवळी कधी बसवली?"

मागच्या दिवाळीत. शिट्टी कधीपासून? दिवाळीनंतर. मशीनचा साचा दोन वर्षांपूर्वी घेतला तेव्हा मावशींच्या खालच्या दाढा गेलेल्या होत्या. जबड्याचा सांधा कानाच्या नळीला अगदी खेटून असतो. कवळी आली, चावण्याची उंची बदलली, शिवाय मधुमेहाच्या पथ्याने मावशींचं वजनही उतरलं होतं. नळीचा आकार तोच कसा राहील? कानातल्या मशीनच्या बाबतीत दंतवैद्यांकडचा इतिहास विचारायला हवा, हे लक्षात राहण्यासारखं उदाहरण आहे. शिट्टी आली की आवाज कमी करून देणं हा सोपा उपाय असतो, आणि मग माणूस शिट्टीविना पण ऐकू न येणारं मशीन घालून फिरतो.

नवं माप कवळी घालूनच घेतलं. नळीत दुसऱ्या वळणाच्या पुढे दोरा बांधलेला स्पंजचा बोळा ठेवायचा, पडद्याला काही पोचू नये म्हणून, आणि मग सिलिकॉनचा लगदा पिचकारीने भरायचा. लगदा घट्ट होईपर्यंत मावशींच्या दातांत ठोकळा देऊन तोंड उघडं ठेवलं, कारण बऱ्याच जणांची नळी तोंड उघडल्यावर रुंदावते. मावशींनी तेवढ्यात हातवाऱ्यांनी मुलाला दुकानातून कोथिंबीर आणायला सांगितली. माप प्रयोगशाळेत गेलं; तिथे ते स्कॅन करून कवच छापतात आणि जुन्याच मशीनचा आतला ऐवज नव्या कवचात बसवतात. ओढायची दोरी जरा लांब मागितली आणि तिच्या टोकाचा मणी मोठा. हवेचं भोक होतं तेवढंच ठेवलं. मोठं केलं असतं तर घुमणं आणखी कमी झालं असतं, पण शिट्टीला वाट मिळाली असती.

नवं कवच आल्यावर कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजलं आणि त्याप्रमाणे वरच्या पट्ट्या वाढवल्या. बिस्किट परत दिलं. शिट्टी नाही. डाव्या कानाचं माप बुरशी पूर्ण गेल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्यावर, ऑगस्टच्या शेवटी घेतलं. तोवर जुनं डावं कवच यंत्रासाठीच्या जंतुनाशक फवाऱ्याने पुसून बाजूला ठेवलं होतं. बरा झालेला कान आणि बुरशीचं जुनं कवच यांची पुन्हा गाठ घातली तर औषधाचा खर्च फुकट जातो.

दिवाळीनंतर

नोव्हेंबरात मावशी तपासणीला आल्या. मशीनमधली नोंद: उजवं 8 तास, डावं 7. ऑगस्टमध्ये एकदा उजवं बंद पडलं होतं, नातीने जाळी बदलली, चालू झालं. मला फोनही आला नाही. दुरुस्तीला काहीच गेलेलं नाही. सेल चार दिवस पुरतात, भर पावसात तीन. डाव्या कानात खाज अधूनमधून आहे, बुरशी नाही. रविवारी खानावळ बंद असते तेव्हा दुपारभर मशीन काढून कानांना वारा द्यायचा, असं ठरवलं आहे. साखरेबद्दल मी विचारलं, मावशींनी विषय बदलला.

गर्दीच्या वेळचं ऐकणं मात्र अजून समाधानकारक नाही, आणि ते मशीन साफ ठेवून सुटणारं नाही. सीआयसीला एकच मायक्रोफोन असतो. समोरचा आवाज धरून मागचा दाबायची सोय त्याला करता येत नाही. मिक्सर, धुराड्याचा पंखा, स्टीलच्या ताटांचा खणखणाट आणि त्यात कुणीतरी पुटपुटत मागितलेली सोलकढी. पुढच्या खरेदीत मोठं मशीन घेतलं तर थोडा फरक पडेल. मुलाला मी तसं सांगितलं आहे, आणि मावशींनी त्याला तसं काही करू नकोस म्हणून सांगितलं आहे. सध्या ऑर्डर घ्यायची जागा दारातून खिडकीजवळ हलवली, तिथे पंख्याकडे पाठ होते आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड पडतो, ओठ दिसतात. ताटांखाली रबराची चटई आली. मिक्सर मागच्या पडवीत न्यायचा आहे, त्यासाठी पडवीत प्लग पॉइंट काढून घ्यावा लागेल. वायरमनने दिवाळीनंतर येतो म्हणून सांगितलं होतं, अजून आलेला नाही.